आळी जगली तर कला जगेल

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाने निघालेला प्रवासी आदिलाबाद मागे टाकून घाट उतरला, की निर्मल हे गाव लागते. लाकडी खेळणी आणि सोनेरी छटेची चित्रे यांसाठी या गावाचे नाव देशभर झाले आहे. २०१६ साली जिल्ह्याची फेररचना होईपर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आज ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे. या गावातील खेळणीकारांच्या वसाहतीला कलानगर म्हणतात. नाव मोठे डौलदार आहे. परंतु नावाच्या मानाने वस्तीची स्थिती डौलदार नाही. काम करणारे हात कमी होत चालले आहेत, लाकूड मिळेनासे झाले आहे आणि शिकलेली मुले बापाच्या पटाशीकडे पाठ फिरवून शहराची वाट धरत आहेत. समुद्रकाठच्या वाचकांना इतक्या दूरच्या एका मोहल्ल्याची चिंता आम्ही का सांगावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सावंतवाडीच्या चितारआळीत आहे.

सावंतवाडीचे चितारी पूर्वी गंजिफा रंगवत. ही कला त्यांच्याकडे कशी आली याविषयी जी परंपरा सांगितली जाते, ती अशी की, शास्त्रचर्चेसाठी सावंतवाडी दरबारी आलेल्या तेलंगणातील विद्वानांकडून हा खेळ येथे आला, आणि राजाश्रयाने चितारी मंडळींनी ती पाने रंगवण्याची विद्या हस्तगत केली. निर्मलचे नकाश कारागीरही एकेकाळी गंजिफा रंगवत. तेव्हा निर्मल आणि सावंतवाडी ही दोन गावे एकमेकांना वाटतात तितकी परकी नाहीत. एकाच वेलीची दोन फुले दख्खनच्या दोन टोकांना उमलली, आणि आज दोघांनाही एकच ऊन लागत आहे.

निर्मलच्या खेळण्याची घडण पाहण्यासारखी आहे. त्यासाठी पोनिकी नावाच्या झाडाचे लाकूड लागते. ते वजनाला हलके आणि कोरायला मऊ असते. ओंडका वाळवायचा, अवयव वेगवेगळे कोरायचे, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने ते सांधायचे, खाचाखोचा बुजवायच्या, पांढऱ्या मातीचा हात द्यायचा आणि मग रंग भरायचा, असा हा क्रम आहे. एवढ्या सायासानंतर जी फळे, पक्षी, हरणे, बैलगाड्या सिद्ध होतात, त्यांतील सीताफळ खरे की खोटे हे हातात घेतल्यावाचून कळत नाही. कोकणातील वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल, कारण लाकडी फळांच्या परडीने सावंतवाडीचेही नाव घरोघरी पोचवले आहे.

निर्मलच्या कारागिरांची सहकारी संस्था १९५५ साली स्थापन झाली. त्या वेळी हे गाव हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखात आले, आणि उरलेला आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले. म्हणजे कारागिराने जागा न सोडता त्याचे राज्य दोनदा आणि जिल्हा एकदा बदलला. प्रत्येक राजवटीने त्याच्या कलेचे कौतुकच केले. २००८-०९ या वर्षात निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मानांकनाने नावाचे रक्षण होते. नाव धारण करणाऱ्या माणसाचे पोट त्याने आपोआप भरत नाही.

अशा खालावत चाललेल्या वस्त्यांना सावरण्यासाठी आता डिझाइनचा उपाय सांगितला जातो. उपाय चांगला आहे. मात्र डिझाइन म्हणजे काय, याची समजूत आपल्याकडे फार उथळ आहे. नगरपालिका 'सुशोभीकरण' हा शब्द वापरते, आणि त्याचा अर्थ होतो चौकात एक कारंजे, त्याभोवती रंगीत दिवे आणि मध्यभागी गावच्या प्रसिद्ध वस्तूची सिमेंटची प्रचंड प्रतिकृती. आंब्याच्या गावात सिमेंटचा आंबा, काजूच्या गावात सिमेंटचा काजू. पाहुणा त्यासमोर छायाचित्र काढतो आणि निघून जातो. आंबा पिकवणाऱ्याच्या किंवा काजू सोलणाऱ्या बाईच्या हाती त्यातून काय पडते, हा प्रश्न कारंज्याच्या उद्घाटनाला कोणी विचारीत नाही.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल सादर केला. त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत अधिक वाखाणलेली भारतीय वस्तू म्हणजे आपला साधा तांब्या. तो कोणा एका कलावंताने घडवला नाही. तो किती पाणी मावते, भरल्यावर हाताला किंवा कमरेला कसा पेलतो, घासायला सोपा आहे काय, घडवायला खर्च किती, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे पिढ्यान्पिढ्या शोधत तयार झाला. डिझाइनचा खरा अर्थ हा आहे. वस्तूचे रूप हे त्या प्रश्नांच्या उत्तराचे शेवटचे टोक असते, आरंभ नव्हे.

हीच कसोटी वस्तीलाही लावली पाहिजे. घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीवरील घरांच्या भिंती २०१७-१८ च्या सुमारास स्वयंसेवकांनी रंगवल्या. मेट्रोतून जाणाऱ्यांच्या नजरा त्या टेकडीकडे वळल्या. आम्ही त्या उपक्रमाला हिणवणार नाही. उपेक्षित वस्तीकडे लोकांनी आनंदाने पाहावे, यालाही मोल आहे. परंतु रंगाने पाण्याचा नळ येत नाही आणि गटार वाहते होत नाही. २०१५ साली धारावीत भरलेल्या कला-महोत्सवाने एक पाऊल पुढे टाकले होते. तेथील रहिवाशांनी कलावंतांच्या सोबतीने आरोग्यासारख्या आपल्याच प्रश्नांवर स्वतः कलाकृती घडवल्या. तेथे राहणारा माणूस कर्ता होता, केवळ शोभेचा विषय नव्हता. फरक आहे तो येथे.

कलानगरसारख्या मोहल्ल्याला सावरायचे तर आराखड्याचा आरंभ दुकानाच्या पाटीपासून न करता झाडापासून केला पाहिजे. पोनिकी रानात उगवते. ते भोवतालच्या जंगलातून मिळत आले. जंगल विरळ झाले तसा कारागिराला लाकडासाठी अधिक दूर जावे लागले आणि अधिक पैसे मोजावे लागले. अलीकडच्या वर्षांत पोनिकीची लागवड हाती घेण्यात आली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु आज लावलेले रोप पटाशीखाली यायला वर्षे लागतात. म्हणून लागवडीतील लाकडावर कारागिरांच्या संस्थेचा पहिला हक्क राहील, अशी लेखी तजवीज आजच झाली पाहिजे. नाही तर झाडे वाढतील तोवर कोरणारे हात उरणार नाहीत.

दुसरी गोष्ट जागेची. खेळणीकाराचे घर हाच त्याचा कारखाना असतो. तेथेच भुसा उडतो, तेथेच रंगाचा वास कोंडतो आणि तेथेच लेकरू झोपते. भरपूर उजेड, खेळती हवा, भुसा काढून टाकण्याची सोय, लाकूड कोरडे ठेवण्यासाठी पावसाळ्यात न गळणारी सामाईक कोठी आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला काम पाहता येईल असा ओटा, इतके केले तरी वस्तीचे रूप पालटेल. हे काम कारंज्याइतके छायाचित्रात उठून दिसणार नाही. पण त्याची गरज अधिक आहे.

तिसरी गोष्ट मालाची. निर्मलची बरीचशी खेळणी नावापुरती खेळणी आहेत. ती काचेच्या कपाटात बसतात. शोभेच्या वस्तूचे गिऱ्हाईक मर्यादित असते. कर्नाटकातील चन्नपट्टणच्या कारागिरांनी वनस्पतिजन्य रंग वापरून लहान मुलाने तोंडात घातले तरी चालेल असे खेळणे बाजारात आणले, आणि त्या मालाला देशाबाहेरही मागणी आली. निर्मलने चन्नपट्टणची नक्कल करावी असे आम्ही म्हणत नाही. ती लाखेची, चरकावरची विद्या आहे आणि ही कोरणीची. परंतु सुरक्षित रंग, प्रवासात न मोडणारा आकार आणि साधी पण नेटकी वेष्टनपेटी यांचा विचार निर्मललाही टाळता येणार नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित, ती मालकीची. शहरातून एखादा पदवीधर पंधरवड्यापुरता येतो, दहा-बारा नमुने करवून घेतो, अहवाल लिहितो आणि परत जातो. नमुने प्रदर्शनात मिरवतात, आणि मागणी आलीच तर ती पुरी करण्याचे भांडवल कारागिरापाशी नसते. अशा वेळी नफा व्यापाऱ्याचा होतो आणि मजुरी तेवढी कारागिराची राहते. नवा नमुना संस्थेच्या नावे नोंदवला जावा, त्याच्या विक्रीतील ठरलेला वाटा वस्तीला मिळावा आणि डिझाइनकाराने पंधरा दिवसांऐवजी निदान दोन-तीन पावसाळे त्या वस्तीत काढावेत, एवढ्या अटी कोणत्याही सरकारी योजनेत असल्याच पाहिजेत.

हे सर्व लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे चितारआळीही आहे. सावंतवाडीत शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा दिली, आणि स्वतः राणीसाहेबांनी कुंचला हाती घेऊन गंजिफाची बुजत चाललेली विद्या जागवली. तो राजाश्रय होता. त्याला एका घराण्याच्या आस्थेचे बळ होते. लोकशाहीत राजाश्रयाची जागा लोकाश्रयाने घ्यायची असते, आणि लोकाश्रय म्हणजे केवळ गिऱ्हाइकाचे कौतुक नव्हे. तो नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात, वनखात्याच्या लागवडीत आणि संस्थेच्या हिशेबाच्या वहीत दिसला पाहिजे.

निर्मलचा कारागीर तेलुगू बोलतो, आमचा चितारी मालवणी बोलतो. दोघांच्या हातातली पटाशी मात्र एकच भाषा जाणते. त्या हातांना लाकूड, उजेड आणि रास्त दाम मिळाला, तर आळी आपली आपण सजेल. तो मिळाला नाही, तर कितीही कमानी उभारल्या तरी त्यांखालून कारागिराची मुले बाहेरच जात राहतील.