परसबाग: सावलीपासून सहारापर्यंत

अल्जीरियात तिंदूफजवळ १९७५ पासून सहरावी निर्वासितांच्या छावण्या आहेत. चहूकडे वाळवंट, पाणी टँकरचं. तरी तिथली कुटुंबं तंबूशेजारच्या छोट्या वाफ्यांत भाजी पिकवतात! हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचीच निर्वासित माणसं आठवली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आजच्या मुलचेरा-चामोर्शी भागात वसवलं गेलं. चंद्रपूर शहरातली वस्ती तर अजूनही 'बंगाली कॅम्प' म्हणूनच ओळखली जाते.

वाळवंटात भाजी पिकते, मग आपल्याकडे का नाही? चंद्रपूर जिल्ह्यातला आपला सावली तालुका धानाचा. पावसाळ्यात पाणी भरपूर, आसोलामेंढ्याचा तलावही इथलाच. पण मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि वाफे करपतात. त्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे मडकं. न रंगवलेलं, भाजलेलं पण पाणी झिरपू देणारं मातीचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरा, पाणी भरा, झाकण ठेवा. माती कोरडी होईल तसं पाणी झिरपतं, थेट मुळांपाशी. भोवती वांगी, टमाटर, भेंडी लावा. वर धानाच्या तणसाचा जाड थर द्या, आपल्याकडे तो फुकटचा आहे. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणीही वाफ्यातच ओता. साबणाचं मात्र नको.

दोडकं, कारलं, वाल पावसाच्या सुरुवातीला मांडवावर चढवा. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) थंडीत. कुंपणाला शेवगा हवाच, पाल्यासाठीसुद्धा. 'उमेद' अभियानाच्या बचत गटात असाल तर पोषण परसबागेची माहिती तिथे नक्की विचारा.

तुमच्या वाडीत सध्या काय लागलंय? फोटो टाका!