धान्याची निर्वात साठवण आणि जीवदया

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील पुष्कळ घरांत एक लहानसे विजेचे यंत्र आले आहे. धान्य, डाळ अथवा सुका मेवा पिशवीत भरावयाचा व पिशवीचे तोंड यंत्रात धरावयाचे. यंत्र आतील हवा ओढून घेते आणि तापलेल्या पट्टीने तोंड चिकटवून टाकते. यासच व्यवहारात व्हॅक्युम पॅकिंग म्हणतात. ‘आता वर्षाची बेगमी बिनघोर राहील ना?’ असे गिऱ्हाइके आम्हांस विचारू लागली आहेत. म्हणून अनुभवाने व वाचनाने जे कळले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

यातील तत्त्व नवे नाही. आपल्या बेळगाव भागातील वडीलधाऱ्यांना पेव ठाऊक आहे. कानडीत त्यास हगेव म्हणतात. जमिनीत खोल खड्डा खणून त्यात जोंधळा भरीत व तोंड मातीने लिंपून टाकीत. आतील धान्य व जीवजंतू यांच्या श्वसनाने प्राणवायू संपत जाई, कर्बवायू साचे आणि किडीची वाढ खुंटे. म्हणूनच पेव उघडल्यावर हवा खेळू दिल्यावाचून कोणी आत उतरत नसे. सांगलीजवळ हरिपूर येथे हळद अशाच पेवांत राहत असे. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. पेवास जे साधण्यास बरेच दिवस लागत, ते यंत्र काही क्षणांत करते, इतकेच.

परंतु यंत्र हवा काढते. धान्यातील ओल काढीत नाही, आणि दाण्यातील जीवही काढीत नाही. येथेच घोटाळा होतो.

गतवर्षी एका वृद्ध श्राविकाबाईंनी मुलाने आणून दिलेल्या यंत्राने चार महिन्यांचा गहू हौसेने बंद करून ठेवला. चातुर्मासात पिशवी फोडली, तो आत मेलेले सोंडकिडे. बाई आमच्याकडे येऊन म्हणाल्या, “अण्णा, गहू टिकला, पण हे जीव माझ्या हातून गेले की हो!” गहू आमच्याच पेढीवरील होता. आम्हांस उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

सोंडकिड्याची मादी दाण्यास बारीक छिद्र पाडून आत अंडे घालते व छिद्र बुजवून टाकते. वरून काहीच दिसत नाही. उबदार हवेत नवा किडा बाहेर पडण्यास सुमारे एक महिना लागतो. मूग, चवळी, हरभरा यांवरील भुंग्याची अंडी मात्र दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. म्हणून धान्य आणताच बंद करू नये. प्रथम ते पातळ पसरून उन्हात वाळवावे, पाखडून, चाळून व निवडून घ्यावे. मग पाच-सहा आठवडे साध्या डब्यात ठेवून दर आठवड्यास चाळून पाहावे. जीव दिसल्यास यत्नाने वेगळे करावेत व ते धान्य बंद न करता आधी वापरून टाकावे. जे निर्मळ राहिले, तेवढेच बंद करावे. याने दोष सर्वथा टळेल असे आम्ही म्हणत नाही. पण गृहस्थास शक्य तेवढा विवेक यात आहे.

धान्यातील ओलावा सुमारे १२ टक्क्यांच्या आत असावा. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे कोरडे मीठ व धान्य घालून हलवावे; मीठ काचेस चिकटल्यास धान्य ओले समजावे. दमट पदार्थ तर या पिशवीत घालून बाहेर मुळीच ठेवू नयेत. हवेवाचून वाढणारे विषारी जंतूही असतात.

या यंत्राचा खरा लाभ शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे, काजू, बदाम अशा तेलकट जिनसांस होतो. कारण त्यांस खवटपणा येतो तो मुख्यतः हवेतील प्राणवायूमुळे. लवंगेसारख्या टोकदार जिनसा आधी कागदात गुंडाळाव्यात, नाहीतर पिशवीस भोक पडते. पिशवीवर तारीख लिहावी व ती पत्र्याच्या डब्यात ठेवावी, कारण उंदरांना प्लॅस्टिकचे भय नाही. पिशवी सैल पडली तर हवा शिरली असे जाणावे.

पिठाविषयी एक शब्द. आपल्या दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ व पावसाळ्यात ३ दिवस मानिली आहे. यंत्राच्या भरवशावर ती वाढविण्याचा अधिकार आम्हां गृहस्थांस नाही. दाणा बंद करावा. पीठ ताजे दळावे.

शेवटी व्यापारी बंधूंस विनंती. घरच्या साठ्यासाठी गिऱ्हाईक किडीची गोळी, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, मागते. ओलाव्याशी संबंध येताच ती अत्यंत विषारी वायू सोडते. तिने घरांत माणसे दगावली आहेत, आणि सामान्य गिऱ्हाइकास ती विकण्यास कायद्याची मुभा नाही. ती कदापि देऊ नये. तिच्या जागी स्वच्छ, वाळलेला माल द्यावा व वरील चार गोष्टी समजावून सांगाव्यात. त्या श्राविकाबाईंना या वर्षी आम्ही गहू दिला, तो महिनाभर राखून, चाळून मगच. पोत्यामागे थोडी मजुरी अंगावर पडली. परंतु हिशेबाच्या वहीत ती तोट्याच्या बाजूस लिहावी, असे आम्हांस वाटले नाही.