व्हॉल्व्ह रेडिओची दुरुस्ती, लेखांक ७ : नव्वद व्होल्ट आणायचे कुठून?

पिंपळगाव राजा आणि खामगावचा हा मुलूख १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. ऑल इंडिया रेडिओचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. तिथून अडीचशे किलोमीटरांपलीकडच्या, वीज न पोहोचलेल्या गावात रेडिओ ऐकायचा तर बॅटरी सेटच हवा. त्यातल्या व्हॉल्व्हच्या प्लेटांना ९० व्होल्ट लागत, फिलामेंटला दीड. असे सेट माळ्यांवरून खाली येतात तेव्हा व्हॉल्व्ह बहुधा शाबूत असतात, पण ९० व्होल्टची बॅटरी दुकानात मिळत नाही. सोपा वाटणारा उपाय म्हणजे लिथियम सेल आणि व्होल्टेज चढवणारा छोटा कन्व्हर्टर. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. ९ व्होल्टचे दहा सेल एकापुढे एक जोडावेत आणि फिलामेंटसाठी टॉर्चचा मोठा सेल अगदी स्वतंत्र ठेवावा.

पहिलं कारण सेटच्या जोडणीतच आहे. बऱ्याच बॅटरी सेटांत ९० व्होल्टचं ऋण टोक थेट चॅसिसला जात नाही, मध्ये एक रेझिस्टर असतो. सेटचा १० मिलिअँपिअर प्रवाह समजा ५०० ओहममधून गेला, की ५ व्होल्ट पडतात आणि तोच शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडचा ऋण बायस. साध्या कन्व्हर्टरमध्ये आत येणारं आणि बाहेर जाणारं ऋण टोक एकच असतं. त्याच सेलवर फिलामेंटही चालवलं की हा रेझिस्टर शॉर्ट होतो, बायस जातो, व्हॉल्व्ह जास्त प्रवाह ओढतो आणि आवाज फाटतो. मग दोष बिचाऱ्या स्पीकरच्या माथी मारला जातो. दुसरं कारण खरखर. कन्व्हर्टर ६५ किलोहर्ट्झवर चालत असेल, तर त्याची नववी पट बरोबर ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे नागपूरचीच जागा. दुरून येणारा क्षीण सिग्नल त्याखाली दबतो.

दहा सेल महाग पडतील, हा आक्षेप रास्त आहे. पण अल्कलाइन सेलची क्षमता सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास धरली, तर रोज तासभर ऐकून महिना-दीड महिना निघतो. जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळका असेल तर मात्र हा हिशेब कोसळतो, म्हणून तो आधी तपासावा. पुन्हा चार्ज होणारे सेल हवेत तर निकेल-मेटल-हायड्राइड घ्यावेत. ते ८.४ व्होल्टचे असतात, तेव्हा अकरा लागतील आणि दर चार्जला तास कमी मिळतील. ९ व्होल्टच्या काही लिथियम सेलांच्या पोटातच कन्व्हर्टर असतो, ते टाळावेत. कन्व्हर्टर नीट करता येत नाही असं नाही. आतबाहेरच्या बाजू ट्रान्सफॉर्मरने अलग केल्या, सगळं पत्र्याच्या डब्यात बंद केलं आणि तारांवर चोक बसवले तर तो शांत होतो. पण इतकी मेहनत केल्यावर सोपेपणा उरत नाही.

धोका दोन्ही वाटांत सारखाच. ९० व्होल्टचा झटका जोरदार बसतो, आणि ते चुकून फिलामेंटला लागले तर सगळे व्हॉल्व्ह क्षणात जळतात. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांचे प्लग एकमेकांत बसणार नाहीत असेच निवडावेत आणि सेटला जोडण्याआधी प्रत्येक टोकावरचं व्होल्टेज मीटरने पाहावं.