सर्किट बोर्डाचे सॉफ्टवेअर : चूक नेमकी कुठे शिरते?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील कारखान्यांत आता नुसते लोखंड राहिलेले नाही. रेपियर माग असो, इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड असो की बाण्याच्या धाग्याचा फीडर असो, प्रत्येकाच्या पोटात एक लहानशी पाटी बसलेली असते. तिला पी.सी.बी. म्हणजेच छापील सर्किट बोर्ड म्हणतात. ही पाटी बिघडली की माग बंद पडतो. दुरुस्ती करणारे कारीगर आपल्यात पुष्कळ आहेत, परंतु नवी पाटी आखून देणारे थोडे. डिप्लोमा झालेल्या तरुणांना हे काम घरी एका संगणकावर करता येते. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे असा प्रश्न येतो तेव्हा लोक किंमत विचारतात, फार तर पडदा किती देखणा दिसतो ते पाहतात. माझ्या मते विचारण्याची गोष्ट वेगळीच आहे : ह्या सॉफ्टवेअरमध्ये चूक कुठून आत शिरू शकते?

काम दोन टप्प्यांत होते. आधी कागदावर काढतो तसा सर्किटचा नक्शा काढायचा. कोणत्या भागाचा कोणता पाय कशाला जोडला आहे, एवढेच त्यात असते. मग तोच नक्शा खऱ्या मापाच्या पाटीवर उतरवायचा : भाग मांडायचे, त्यांच्यामध्ये तांब्याच्या वाटा काढायच्या. ज्यांनी जुने जॅकार्ड पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. ग्राफवरचा नक्शा निराळा आणि त्यावरून पंच केलेली कार्डे निराळी. ग्राफ बदलला आणि कार्ड जुनेच राहिले तर माग बिनतक्रार चुकीचे कापड विणत राहतो.

कायकॅड नावाचे सॉफ्टवेअर फ्रान्समधील ग्रनोबल येथे शिकवणारे झाँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये सुरू केले. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधन केंद्रानेही त्याला हातभार लावला. सुरुवातीची बरीच वर्षे त्यात हाच दोष होता. एका प्रोग्रॅममध्ये नक्शा काढायचा, त्यातून जोडण्यांची यादी असलेली फाईल बाहेर काढायची, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक भागाला त्याचा फूटप्रिंट लावायचा, आणि तिसऱ्यात ती फाईल वाचून पाटी आखायची. नक्शात एखादी तार बदलली आणि नवी फाईल काढायची राहून गेली, तर पाटी जुन्याच जोडणीने तयार होई आणि संगणक काहीच बोलत नसे. २०१८ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून नक्शावरून पाटी थेट अद्ययावत करता येऊ लागली, त्यासाठी एफ ८ हे एक बटण पुरते. २०२१ अखेरच्या सहाव्या आवृत्तीत नक्शा आणि पाटी जुळतात की नाही हे तपासण्याची सोयही आली. तरी ते बटण दाबायचे आठवण ठेवून माणसालाच.

जर्मनीच्या कॅडसॉफ्टचे ईगल हे १९८८ चे सॉफ्टवेअर ह्या बाबतीत पुढे होते. दोन्ही फाईली उघड्या असल्या की नक्शातला बदल त्याच क्षणी पाटीवर दिसे. मात्र एक फाईल बंद ठेवून दुसरीत काम केले की दोघांचे नाते तुटे, आणि ते परत जोडणे म्हणजे डोकेदुखी. शिवाय त्याची रीत उलटी होती. आधी हुकूम निवडायचा, मग वस्तू. हात बसलेल्यांना त्यात वेग मिळे, नवशिक्याला मात्र एक भाग सरकवायचा म्हटले तरी घाम फुटे.

पायांचा घोटाळा

सर्वांत महाग चूक फूटप्रिंटची. फूटप्रिंट म्हणजे भागाचे पाय पाटीवर जिथे बसतात त्या जागांचा ठसा. ईगलमध्ये चिन्ह आणि ठसा लायब्ररीतच एकत्र बांधलेले असत. कायकॅडमध्ये अनेक भागांची चिन्हे सुटी असतात आणि ठसा आपण निवडतो. ह्यात मोकळीक आहे आणि धोकाही. बीसी ५४७ आणि २एन ३९०४ हे दोन ट्रान्झिस्टर दिसायला सारखे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर आणि दुसऱ्याचे एमिटर, बेस, कलेक्टर. क्रम चुकला तरी संगणकाच्या तपासणीत पाटी पास होते, कारण ती तपासणी वाटांमधील अंतर, वाटांची रुंदी, भोकांचे माप हे पाहते. बाजारातून प्रत्यक्षात कोणता ट्रान्झिस्टर येणार आहे हे तिला कुठून कळणार? शंभर पाट्या हातात आल्यावर हे उघडकीस आले की सगळा नफा गेला. म्हणून प्रत्येक भागाची डेटाशीट समोर ठेवून पाय मोजावेत. मापासाठी एक जुना, साधा उपाय आहे : पाटीचा नक्शा शंभर टक्के मापाने कागदावर छापायचा आणि खरे भाग त्यावर ठेवून पाहायचे. पायांतले २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा हिस्सा, कुणी अडीच धरले असेल तर लांब कनेक्टरवर ते लगेच डोळ्यांत भरते.

फुकट आणि चोरीचे

कायकॅड कायदेशीररीत्या फुकट आहे, धंद्यासाठीही, आणि पाटीच्या आकाराची अट नाही. ईगलच्या मोफत आवृत्तीत पाटी ८० चौरस सेंटीमीटरपर्यंतच करता येई. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये ईगल घेतले, २०१७ पासून एकरकमी विक्री थांबवून वर्गणी सुरू केली, आणि ७ जून २०२६ ही त्याची विक्री व मदत बंद करण्याची तारीख २०२३ मध्येच जाहीर केली. ज्यांचा सारा माल त्याच फाईलींत अडकला होता त्यांची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल, हे भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्याला सांगायला नको. कायकॅडमध्ये ईगलच्या फाईली उघडता येतात, मात्र उघडल्यावर तांब्याने भरलेले भाग पुन्हा भरून सगळी तपासणी नव्याने करावी. महागड्या सॉफ्टवेअरच्या क्रॅक केलेल्या प्रती बाजारात हातोहात मिळतात. दुसऱ्याच्या मेहनतीवर बिनपरवानगी कमावलेली रोजी कशी असते ते ह्या साप्ताहिकाच्या वाचकांना ठाऊक आहे, आणि हलाल मार्ग फुकट उपलब्ध असताना तर सबबही उरत नाही.

शेवटी पाटी बनवणाऱ्या कारखान्याला ज्या फाईली द्यायच्या त्यांना जर्बर म्हणतात. रेडीमेड कपड्यांच्या कारखानदारांना हे नाव ओळखीचे वाटेल आणि ते बरोबरच आहे. व्हिएन्नात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले जोसेफ जर्बर यांच्याच कंपनीने कापड कापण्याचे स्वयंचलित यंत्र काढले आणि सर्किट बोर्डांची फिल्म काढणारे प्लॉटरही. तांब्याच्या प्रत्येक थराची फाईल वेगळी, भोकांची वेगळी. त्या पाठवण्यापूर्वी कायकॅडसोबत येणाऱ्या जर्बव्ह्यूमध्ये एकावर एक उघडून पाहाव्यात. भोके तांब्याच्या गोलांच्या मधोमध पडतात की सगळी एका बाजूला सरकली आहेत, हे दोन मिनिटांत दिसते. सरकली असतील तर बहुधा भोकांच्या फाईलीसाठी आरंभबिंदू निराळा निवडला गेलेला असतो.