घरांतलेंच घरांत

आश्विन महिना लागला कीं आमच्या शहरांतील फर्निचरच्या दुकानांपुढें हातगाड्या व टेंपो उभे राहूं लागतात. एका दारानें नवा सोफा घरांत येतो आणि दुसऱ्या दारानें जुना पाट, चौरंग व ट्रंक मोडवाल्याच्या गाडीवर चढतात. या व्यवहारांत कांहीं गैर आहे असें आमचें म्हणणें नाहीं. निकामी तें टाकावें व गरजेचें तें घ्यावें, हा संसाराचा नियमच आहे. परंतु घर शोभिवंत करणें म्हणजे बाजारांतून कांहीं तरी विकत आणणें, अशी जी समजूत रूढ झाली आहे ती आम्हांस आतां खरी वाटत नाहीं. एके काळीं आम्हीही तीच समजूत बाळगून होतों. ती कशी गेली हें सांगावें, व त्यांतून वाचकांच्या उपयोगी पडेल तेवढें पुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे कालपरवांपर्यंतचें औरंगाबाद, या शहरांत औरंगपुऱ्याच्या आसपास आमचें वडिलार्जित घर होतें. पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती, वर माळवद, भिंतींत कोनाडे व फडताळें, आणि ओसरीवर ओळीनें बसविलेल्या लांकडी खुंट्या. २०११ सालीं वाटण्या होऊन तें घर गेलें व आम्ही सिडकोंतील एका दुमजली घरांत राहावयास आलों. नव्या घराच्या भिंतींत कोनाडा नव्हता, तेव्हां कोनाड्यांतील वस्तूंस जागाही नव्हती. तांब्याचे दोन हंडे आम्हीं मोडीच्या भावानें विकून टाकले. पैसे किती आले तें आतां आठवत नाहीं. त्या दिवशीं मातोश्री जेवल्या नाहींत, एवढें मात्र आठवतें. उरलेलें सामान पोत्यांत भरून माळ्यावर टाकलें व आम्ही तें विसरलों.

गेल्या पावसाळ्यांत मातोश्रींच्या गुडघ्यांनीं अगदींच दगा दिला. वय ८८, वरच्या मजल्यावरील खोलींतून त्यांस खालीं आणणें भागच होतें. बैठकीच्या खोलीचा अर्धा भाग त्यांच्याकरितां सजवावा असें ठरलें. चिरंजीवांनीं एका दुकानदारास बोलावून मापें घेवविलीं. पलंग, कपाट, पडदे आणि भिंतीवरचें लांकडी काम मिळून अंदाज झाला एक लाख चाळीस हजारांचा. आमच्या पेन्शनच्या मानानें ही रक्कम लहान नव्हे; परंतु आईच्या खोलीचा प्रश्न, म्हणून आम्ही गप्प बसलों. आधीं पलंग आला, बाकीचें सामान आठ दिवसांनीं यावयाचें होतें.

तिसऱ्या रात्रीं दोनच्या सुमारास आम्ही पाणी पिण्यास उठलों, तों मातोश्री पलंगाच्या कडेवर बसलेल्या. पलंग उंच, त्यामुळें पाय जमिनीस टेकत नव्हते. आम्हांस पाहून त्या म्हणाल्या, "अरे, मला घरीं कधीं नेणार? या लोकांकडे फार दिवस झाले."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. सकाळीं सूनबाईस हें सांगितलें तेव्हां ती क्षणभर थांबून म्हणाली, "बाबा, त्या खोलींत आजींच्या ओळखीचें आहे तरी काय? आपण माणसें तेवढीं आहोंत, आणि रात्रीं आपणही नसतों." तिच्या या एका वाक्यानें दुकानदाराचें पुढचें सामान थांबलें आणि माळ्यावरचीं पोतीं खालीं आलीं.

संस्कृत वाचणाऱ्यांस या प्रसंगीं शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील तिसरा अंक आठवावा. शर्विलक चोरी करण्यास चारुदत्ताच्या घरांत शिरतो. हातास लागावें असें धन त्यास दिसत नाहीं, दिसतात तीं मृदंग, वीणा, बांसऱ्या आणि पुस्तकें. तेवढ्यावरून हें घर कोणा तऱ्हेच्या माणसाचें असावें याचा तर्क तो करूं लागतो. घर निर्धन आहे, परंतु कोणाचें आहे हें अंधारांतही कळतें. वात्स्यायनानेंही नागरकाच्या खोलीचें वर्णन करतांना नागदंतावर, म्हणजे आपल्या भाषेंत खुंटीवर, टांगलेली वीणा, चित्रफलक, कुंचल्यांची पेटी व एखादें पुस्तक यांची नोंद केली आहे. यांतील प्रत्येक वस्तु वापरांतली आहे. पाहुण्यांस दाखविण्याकरितां विकत आणलेली शोभा, ही कल्पना त्या वर्णनांत दिसत नाहीं. खोली ही तींत राहणाऱ्या माणसाची ओळख असते, आणि ज्याची स्मृति मंदावली आहे त्यास तर ती स्वतःची ओळख टिकविण्यास आधार देते. वृद्धांच्या शुश्रूषेसंबंधीं आजचें शास्त्रही हेंच सांगतें, कीं विसरभोळेपणा वाढूं लागला म्हणजे परिचित वस्तु डोळ्यांपुढें ठेवाव्या, व खोलींत वारंवार फेरबदल करूं नये.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पहिला नियम, खोली प्रथम पूर्ण रिकामी करावी. सामान जागेवर ठेवूनच इकडे तिकडे सरकविलें तर डोळा जुन्याच रचनेस चिकटून राहतो. रिकाम्या खोलींत सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं घटकाभर बसून उजेड कोठून येतो, वारा कोठून लागतो, ऊन कोणत्या भिंतीवर पडतें हें पाहावें. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो; पश्चिमेच्या भिंतीस टेंकून पलंग ठेवणें म्हणजे तापलेल्या तव्याशेजारीं निजणें. हें ध्यानांत आल्यावर पलंगाची जागा आपोआप ठरली. पूर्वेची खिडकी डाव्या हातास, अंगणांतील तुळस दृष्टीसमोर, आणि न्हाणीघराचा रस्ता सरळ व मोकळा.

दुसरा नियम, घरांतील सर्व वस्तु एका जागीं मांडून त्यांचे तीन भाग करावे: रोज लागणाऱ्या, आठवणीच्या, आणि केवळ सांठलेल्या. तिसऱ्या भागावर दया करूं नये. काटकसर व कृपणता यांत येथेंच भेद आहे. काटकसरी मनुष्य वस्तु वापरतो, कृपण ती नुसती ठेवून देतो.

वडिलांचा सागवानी पलंग माळ्यावर खोलून ठेवलेला होता. तो पुसून, जवसाच्या तेलाचा हात फिरवून जोडला. त्याची उंची कमी, त्यावर बसल्यावर मातोश्रींचे पाय पुरते टेकतात. नवा पलंग वरच्या मजल्यावर नातवाकडे गेला. शिसवी चौरंग उशाशीं आला. त्यावर पाण्याचा तांब्या, चष्मा व जपमाळ. लोखंडी ट्रंक घासून रंगविली, तींत हिवाळ्याच्या वाकळा भरल्या व वर गादी घालून भेटीस येणाऱ्यांची बैठक केली. पितळी घंगाळांत काठ्या व छत्र्या उभ्या राहिल्या. औरंगपुऱ्याच्या ओसरीवरील सहा खुंट्या आम्हीं घर सोडतांना उगीचच उपटून आणल्या होत्या. त्या एका फळीवर बसवून भिंतीस लावल्या, व त्यांपैकीं एकीवर मातोश्रींची शाल टांगली.

भांड्यांविषयीं एक सूचना. तांब्या-पितळेवरील काळेपणा चिंच व मिठानें जातो, परंतु आंबट पदार्थ धातूवर फार वेळ राहूं देऊं नये. लगेच धुवून, पुसून कोरडें करावें. आणि शोभेकरितां काढलेलें बिनकल्हईचें भांडें मोहानें पुन्हा आमटी-ताकास वापरूं नये, कारण आंबटाशीं तांब्याचा संयोग अपायकारक असतो.

वस्त्रांची गोष्ट अधिक नाजूक आहे. आमचें शहर हिमरूचें व जवळचें पैठण पैठणीचें, त्यामुळें येथील जुन्या घरांत या दोहोंपैकीं एखादें वस्त्र हटकून सांपडतें. हिमरूंत सूत व रेशीम यांची सांगड असते. नक्षीचे धागे पाठीमागें सुटे राहतात, ते खिळ्यास किंवा बांगडीस अडकून ओढले जातात. म्हणून मातोश्रींच्या लग्नांतील हिमरूच्या शालीस मागून सुती अस्तर लावलें, व सर्व बाजूंनीं हातानें टांके घालून ती चौकटींत ताणली. पैठणीचा पदर दोन्ही अंगांनीं जवळजवळ सारखाच दिसतो, हें तिच्या विणकामाचें वैशिष्ट्य. परंतु जुन्या जरींत चांदी असल्यामुळें ती काळी पडते, आणि रेशमाचा रंग उन्हानें उडतो. अशा वस्त्रास खिळा मारूं नये, ऊन दाखवूं नये, व पेटींत ठेवलें तर मऊ सुती कापडांत गुंडाळून मधून मधून घडी बदलावी, नाहीं तर घडीवरच वस्त्र फाटतें. आमच्या घरची पैठणी आम्हीं भिंतीवर लावली नाहीं. ती सूनबाईनें नेसावी हेंच तिचें योग्य स्थान होय.

एक वस्तु मात्र आमच्याच व्यवसायांतली. निवृत्तीनंतर आम्हीं घरच्या शिकवणीकरितां वापरलेला लांकडी फळा माळ्यावर होता. तो पलंगासमोर लावला. रोज सकाळीं नात त्यावर मोठ्या अक्षरांत वार, तिथि, तारीख आणि "आज कोण येणार" हें लिहिते. आयुष्यभर फळ्यावर लिहिलें, परंतु फळ्याचा इतका उपयोग झालेला आम्हीं पाहिला नव्हता.

कोणी म्हणेल, हें सारें गरिबीचें भूषण झालें. त्यांनीं आमच्या गांवचा बिबीका मकबरा एकवार नीट पाहावा. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा यानें सतराव्या शतकांत आपली आई दिलरास बानू हिच्याकरितां तो उभारविला. त्यास ताजमहालाची गरीब नक्कल म्हणून हिणविण्याची चाल आहे. त्यांत संगमरवर खालच्या पट्ट्यास व घुमटास लावलेला आहे. मधला भाग येथल्याच काळ्या दगडाचा, त्यावर चुन्याचा बारीक गिलावा. परंतु त्या गिलाव्यावरील वेलबुट्टी जवळून पाहणाऱ्यास दगडाची किंमत विचारण्याचें सुचत नाहीं. जें मौल्यवान तें मोजक्या जागीं लावावें व बाकी जवळचें साहित्य निगुतीनें वापरावें, हा धडा घरास लागू पडतो. एक चांगली शाल एका भिंतीवर पुरे. चारही भिंती भरल्या कीं घराचें दुकान होतें.

आपल्या वस्तु आपल्यास क्षुद्र वाटतात याचें कारण त्या आपण नीट पाहिलेल्या नसतात. पुण्यास दिनकर केळकर यांनीं आयुष्यभर अडकित्ते, दिवे, भांडीं, दरवाजे अशाच घरगुती वस्तु गोळा केल्या, आणि अकालीं गेलेल्या आपल्या राजा नांवाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांचें संग्रहालय केलें. १९७५ मध्यें तो संग्रह त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथें कांचेआडचा अडकित्ता आपण मान वांकवून पाहतों, आणि तसाच अडकित्ता घरीं आल्यावर मोडींत घालतों!

सगळेंच साधलें असें नाहीं. जुन्या झोपाळ्याच्या कड्या टांगण्यास नव्या छतांत सोय नव्हती. छत पोखरून धोका पत्करण्यापेक्षां तो आम्हीं मोठें अंगण असलेल्या एका आप्तांस देऊन टाकला. सतरंजीचा मोह सोडावा लागला, कारण म्हाताऱ्या माणसाचा पाय तिच्या कडेस अडकतो. दोन पाटांस वाळवी लागली होती, ते जाळले. न्हाणीघरांत धरावयाचा दांडा व रात्रीचा मंद दिवा हीं विकतच आणलीं, आणि तीं आणलींच पाहिजेत. त्यांच्या जागीं जुनें कांहींही चालत नाहीं. रंग, सुताराची मजुरी व हें सामान मिळून नऊ हजारांच्या आंत खर्च आला. पलंगाचे पैसे गेले ते गेलेच.

मातोश्रींचें विसरणें थांबलें, असें लिहिलें तर तें असत्य होईल. अजूनही कधीं कधीं त्या आम्हांस आमच्या वडिलांच्या नांवानें हांक मारतात. परंतु खोली लागली त्याच्या दुसऱ्या दिवशीं त्यांनीं खुंटीवर हात ठेवून विचारलें, "ही आपल्या ओसरीवरची ना? आणि हंडे कोठें आहेत?"

खुंटी दाखवितां आली. हंड्यांविषयीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

म्हणून वाचकांस विनंति इतकीच, कीं या दिवाळींत मोडवाल्यास हांक मारण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वडील माणसास हात धरून माळ्यावरील सामानापुढें बसवावें, व एकेक वस्तु त्यांच्या हातीं द्यावी. काय ठेवावें व काय द्यावें हें त्यानंतर ठरवावें. इत्यलम्.