आदिपापाची उपपत्ती आणि निरपराध बालकाचे दुःख

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध मनुष्याची कथा आली आहे. हे अंधत्व कोणाच्या पापामुळे आले, त्याच्या स्वतःच्या की त्याच्या आईबापांच्या, असे शिष्य येशूला विचारतात. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. दुःख हे पापाचेच फळ होय, ही समजूत त्या प्रश्नात गृहीत आहे. परंतु ज्याने अद्याप काहीच केलेले नाही त्याच्या दुःखाचा उलगडा तीमुळे सहजासहजी होत नाही. पापाच्या उगमाविषयी ख्रिस्ती विचारात ज्या उपपत्ती मांडल्या गेल्या, त्यांची खरी कसोटी याच ठिकाणी लागते.

या उपपत्तींचा मूलाधार म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातील तिसरा अध्याय. निषिद्ध फळ खाल्ल्यामुळे आदाम व हव्वा यांना एदेन बागेतून घालवून दिले जाते. प्रसूतिवेदना, कष्टाची भाकर आणि मृत्यू ही त्यांच्या वाट्यास येतात. तथापि त्या अध्यायात ‘पाप’ हा शब्द कोठेही नाही. तो प्रथम आढळतो तो पुढील अध्यायात, काइनाच्या कथेत. आदामाचा दोष त्याच्या संततीस लागतो, असेही तेथे सांगितलेले नाही. आदामाच्या अपराधाशी सर्व मानवजातीच्या मृत्यूचा संबंध जोडला तो पौलाने, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात. तेथील मूळ ग्रीक शब्दप्रयोग सामान्यतः कारणवाचक समजला जातो : सर्वांनी पाप केले म्हणून सर्वांस मृत्यू आला. जुन्या लॅटिन भाषांतरावरून मात्र सर्वांनी एकाच्या ‘ठायी’ पाप केले, असा अर्थ निघू शकतो. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (इ. स. 354–430) याने तोच अर्थ स्वीकारला व तो आदामास लावला.

ऑगस्टीन तारुण्यात सुमारे नऊ वर्षे मानीपंथाचा अनुयायी होता. प्रकाश आणि अंधकार ही दोन अनादि तत्त्वे मानून तो पंथ अनिष्टाचा उगम दुसऱ्यात शोधीत असे. ऑगस्टीनने हे द्वैत टाकले. पण मग सर्व सृष्टी एकाच मंगल ईश्वराची असेल, तर अनिष्ट आले कोठून, हा प्रश्न उभा राहिला. अनिष्ट हे स्वतंत्र द्रव्य नसून इष्टाची उणीव होय, जसे अंधत्व ही दृष्टीची उणीव. आणि तिचे मूळ स्वतंत्र इच्छेच्या भ्रंशात आहे, असे उत्तर त्याने दिले. यावरून, ज्यास आपण अनिष्ट म्हणतो ते एक तर पाप असते किंवा पापाचा दंड, असा निष्कर्ष त्याने काढला.

या निष्कर्षाची परीक्षा पेलेजियसशी झालेल्या वादात झाली. इ. स. 410 मध्ये रोम लुटले गेले, त्या सुमारास मूळचा ब्रिटनचा हा तपस्वी आफ्रिकेत आला. जी आज्ञा पाळणे मनुष्यास शक्यच नाही ती ईश्वर देणार नाही. आदामाचे पाप आदामापुरतेच, इतरांस ते केवळ वाईट उदाहरण, असे त्याच्या पक्षाचे म्हणणे होते. ऑगस्टीनने बालकांच्या बाप्तिस्म्याकडे लक्ष वेधले : बाप्तिस्मा पापक्षालनार्थ असेल, तर नवजात बालकाचे कोणते पाप धुतले जाते? इ. स. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलेजियसपक्षाची मते त्याज्य ठरविली.

वाद तेवढ्याने मिटला नाही. एक्लानमचा बिशप ज्यूलियन याने विचारले की, दुसऱ्याच्या पापाबद्दल बालकास दोषी धरणारा ईश्वर न्यायी कसा? ऑगस्टीनने प्रश्न उलटविला : बालक निर्दोष असेल, तर ते आंधळे जन्मते, रोगाने तळमळते, हे न्यायी ईश्वराच्या राज्यात घडते कसे? जीवाने पूर्वजन्मी पाप केले असावे, ही वाटही त्याने नाकारली होती. येथे भारतीय अभ्यासकास कर्मसिद्धान्ताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे; परंतु कर्मसिद्धान्तात दोषाचा धागा त्याच जीवाच्या सातत्यातून जातो, तर ऑगस्टीनच्या मते तो मानववंशाच्या एकतेतून जातो. दोन्ही प्रतिपक्षी ईश्वराच्या न्यायापासूनच आरंभ करतात आणि परस्परविरुद्ध टोकांस पोहोचतात. ज्यूलियनला दिलेले अखेरचे उत्तर ऑगस्टीनच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले.

ऑगस्टीनच्या उपपत्तीची किंमत मोठी होती. बाप्तिस्म्यावाचून मृत्यू पावलेले बालक, सौम्यतम का होईना, दंडास पात्र ठरले. मध्ययुगीन पंडितांनी ‘लिंबो’ या वेदनारहित अवस्थेची कल्पना करून हा निर्णय सौम्य केला. पुढे इ. स. 2007 मध्ये रोमन कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असे मत प्रसिद्ध केले.

दुसरी परंपरा याहून जुनी आहे. दुसऱ्या शतकातील लियॉनचा बिशप इरेनियस याच्या दृष्टीने आदाम हा बालकासारखा अपरिपक्व होता. मानवजातीस क्रमाने वाढून पूर्णत्वास जावयाचे आहे. पौर्वात्य चर्चमध्येही आदामाकडून मर्त्यता मिळते, दोष नव्हे, या विचारावर भर राहिला. इरेनियसचे सूत्र घेऊन जॉन हिक याने इ. स. 1966 मध्ये, दुःखमय जग ही आत्म्याच्या घडणीची भूमी होय, असे प्रतिपादन केले. परंतु जे बालक घडण्यापूर्वीच मरते, त्याच्यापाशी ही उपपत्तीही अडखळते. म्हणूनच हिकला मरणोत्तर विकासाची कल्पना स्वीकारावी लागली.

तात्पर्य, एका उपपत्तीने ईश्वराचा न्याय राखण्यासाठी बालकास दोषी मानले. दुसरीने बालकाचे निर्दोषत्व राखून दुःखाचा हेतू भविष्यावर सोपविला. जन्मांधाच्या कथेत येशूने दोषाचा शोधच नाकारला आणि अंधाला दृष्टी दिली. दुःखाचे मूळ सांगणे आणि दुःखिताला दोषी ठरविणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतील काय, हा त्या कथेतील प्रश्न या उपपत्तींचे परीक्षण करताना दृष्टीआड करता येत नाही.