जांघेत हर्निया एक, ऑपरेशनमध्ये निघाले दोन! असं का होतं?

फुगवटा एकाच बाजूला, तपासणीतही हर्निया एकच. पण दुर्बीण आत गेल्यावर कधी कधी दुसराही दिसतो. कारण जांघेत पोटाच्या भिंतीला एकापेक्षा जास्त कमकुवत जागा असतात.

सर्वाधिक धोका फेमोरल हर्नियाचा. तो लहान आणि खोल असल्याने सहज हाताला लागत नाही. मात्र त्यात आतडं अडकून रक्तपुरवठा बंद पडू शकतो. महिलांमध्ये तो तुलनेने जास्त. म्हणूनच २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत महिलांसाठी, तज्ज्ञ सर्जन उपलब्ध असल्यास, दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली आहे.

साधारण १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी एका बाजूच्या सर्व कमकुवत जागा झाकते. दुसऱ्या बाजूला वेगळी जाळी लागते. त्यामुळे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा: दुसरा हर्निया दिसला तर तेव्हाच दुरुस्त करणार का? खर्च किती वाढेल?